सौसरचा समुद्र

नागपूरहून निघून सावनेर मागे पडलं की थोड्याच वेळात पाट्या हिंदी होतात. बसमधलं बोलणं मात्र तेच. शेजारच्या मावशी संत्र्यांची पिशवी सावरत वाहकाला म्हणाल्या, "सौसरले उतरवून देजो, भाऊ."

भूगर्भशास्त्र्याला मात्र सौसर म्हटलं की समुद्र आठवतो. जमिनीवर जीव यायच्या कितीतरी आधी इथे उथळ समुद्र होता. त्याचा गाळ दबून, तापून अभ्रकी खडक झाला, चुन्याचा संगमरवर झाला, मँगनीज थराथरात राहिलं. या खडकांच्या पट्ट्याला पुस्तकांत 'सौसर' हेच नाव आहे. त्यातल्या एका मँगनीजवाल्या खडकाला फर्मर या इंग्रज शास्त्रज्ञाने गोंडांवरून 'गोंडाइट' म्हटलं. चहाच्या टपरीवर एकाने मँगनीजचा खडा माझ्या हातावर ठेवला. लिंबाएवढाच, पण मनगट खाली गेलं.

गोंडांचं देवगड इथून उत्तरेला. तिथल्या बख्त बुलंद राजाने 1702च्या सुमारास नागपूर वसवलं. मग भोसले, मग इंग्रज. 1956 मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक जुळवणाऱ्यांनी ती रेघ अजून मनावर घेतलेली नाही. 5 ऑक्टोबर 2023 रोजी सौसर आणि पांढुर्णा मिळून वेगळा जिल्हा झाला.

पांढुर्ण्यात समुद्राची खूण नाही. इथला काळा दगड लाव्ह्याचा. पाणी म्हणजे जाम नदी. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबत निघते तेव्हा, इथे पात्रात पळसाचं झाड रोवून झेंडा बांधतात. पांढुर्णावाले तो आणायला धावतात, सावरगाववाले दगडांनी अडवतात. हीच गोटमार. कुणी म्हणतं, भोसल्यांच्या सैनिकांचा हा सराव. बाकी सगळे पळून जाणाऱ्या जोडप्याची गोष्ट सांगतात: मुलगा इकडचा, मुलगी तिकडची, दोघांना नदीतच गाठलं. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात, जीवही गेलेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. परंपरा म्हणून याचं कौतुक माझ्याच्याने होत नाही. शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात नेतात, आणि दोन्हीकडचे तिथे हात जोडतात.

मी गेलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. एक बाई कपडे धूत होती. तुम्ही कोणत्या बाजूच्या, विचारलं.

"माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा," ती पिळा घट्ट करत म्हणाली. "त्या दिवशी भाऊ तिकडून, नवरा इकडून. मी घरात वडे तळत बसतो."