सूर्य नसलेले दोन महिने

आमचा पुतण्या एक वर्ष अंटार्क्टिकावरील 'मैत्री' ठाण्यांत जनित्रांच्या देखभालीस होता, हें भंडाऱ्यांतील आमच्या आप्तेष्टांस ठाऊक आहे. १९८९ सालीं उभारलेल्या या ठाण्यांत हिवाळ्यांत पंचवीसएक माणसें राहतात. उन्हाळा संपून शेवटचें जहाज परतलें कीं पुढील नोव्हेंबरपर्यंत तेथें नवा चेहरा दिसत नाहीं. आणि मेच्या अखेरीपासून सुमारें दोन महिने सूर्य क्षितिजावर येतच नाहीं.

आम्हां वडील मंडळींस चिंता होती ती थंडीची. जाण्यापूर्वीं दिल्लीस त्याच्या देहाबरोबर मनाचीही तपासणी झाली होती. मागें राहणाऱ्या घराची तपासणी मात्र कोणी करीत नाहीं.

वस्तुतः हा अनुभव जुना आहे. १८९८ सालीं 'बेल्जिका' जहाज तेथील बर्फांत अडकलें, तेव्हां सुमारें सत्तर दिवसांच्या काळोखांत खलाशी खिन्न झाले, कांहींना भ्रम झाला. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनीं त्यांना विस्तवाच्या उजेडासमोर बसविलें व ताजें मांस खावयास लाविलें. आज 'काँकॉर्डिया' या फ्रेंच-इटालियन ठाण्यांत युरोपीय अंतराळ संस्थेचा डॉक्टर हिवाळाभर राहतो. कारण मंगळावर जाणाऱ्यांस जो एकटेपणा भोगावा लागेल, त्याचा अभ्यास पृथ्वीवर अशाच ठिकाणीं होऊं शकतो.

आमच्याकडून चूक झाली ती सद्भावनेनें. दूरध्वनीवर त्याला वाईट कांहीं कळवावयाचें नाहीं, असा आम्हीं घरांत दंडक घातला. वैनगंगेला पूर आला, वाड्याची मागची भिंत पडली, त्याची आई महिनाभर अंथरुणास खिळली, आमचें उत्तर एकच, "सर्व कुशल." ऑगस्टपासून त्याचें बोलणें तुटक झालें. आम्हांस तो गर्व वाटला, व तसें आम्हीं त्याला बोलूनही दाखविलें.

परतल्यावर एके दिवशीं ओसरीवर तो म्हणाला, "काका, तुमचें 'सर्व कुशल' ऐकलें कीं वाटे, माझ्यावांचून घराचें कांहींच अडत नाहीं. मग मीही 'उत्तम' म्हणत असें. सूर्य परत आला तरी मला रात्र रात्र झोंप नसे. कोणी गप्प झाला कीं आमचे डॉक्टर त्याला पोळ्या लाटावयास बोलावीत. हात चालूं लागले कीं तोंडही उघडे."

आम्हीं मान खालीं घातली. दाराआड सूनबाई उभी होती. ती हळूच म्हणाली, "मलाही वर्षभर कोणी विचारलें नाहीं." वीस माणसांच्या घरांत तीही "बरें आहे" एवढेंच म्हणत होती, आणि आम्हीं तिला घुमी ठरवून मोकळे झालों होतों.

मंगळ दूर असतां तेथील शब्द पृथ्वीवर पोंचावयास वीसाहून अधिक मिनिटें लागतात. आमच्या स्वयंपाकघरांतला शब्द ओसरीवर यावयास एक वर्ष लागलें! आतां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही सर्व घटकाभर एकत्र बसतों, आणि भिंत पडली असेल तर पडली म्हणून सांगतों. गेल्या आठवड्यांत सूनबाईनें आमच्याविषयींच तक्रार केली. ऐकावयास जड गेलें. पण आम्हीं ती शेवटपर्यंत ऐकली.