मामांच्या नावावरचा मीटर

दिवाळी जवळ आली की घरोघरचे माळे रिकामे होतात आणि अडगळ बाहेर पडते. आमच्या घरी त्याच सुमारास अडगळ आत येते. गेल्या वर्षी नवरात्र संपताच सौभाग्यवतींनी माळ्यावरची तीन पोती भंगारवाल्याच्या गाडीवर चढवली. मोकळी झालेली जागा पाहून मला राहवेना. पुढच्याच रविवारी मी जुन्या बाजारात हजर!

पुण्याच्या जुन्या बाजारात काय मिळत नाही? गंजलेले पाने, एका पायाचा बूट, काटे नसलेली घड्याळे, कुणाच्या तरी लग्नाची फ्रेम. त्या दिवशी एका गोणपाटावर पितळी नळ आणि मिक्सरची भांडी यांच्यामध्ये एक काळी पेटी बसलेली दिसली. वर चामड्याचा पट्टा, काचेखाली तबकडी, तिच्याखाली दोन गोल चकत्या. मी जागीच थांबलो. ॲव्हो मीटर, मॉडेल आठ!

ज्यांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. ॲम्पियर, व्होल्ट आणि ओहम या तिघांची आद्याक्षरे जोडून ॲव्हो हे नाव झाले. इंग्लंडच्या पोस्ट खात्यातले एक इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी यांना प्रवाह, दाब आणि रोध मोजायला तीन वेगळी उपकरणे वागवावी लागत. त्याचा कंटाळा येऊन त्यांनी तिन्ही एका पेटीत बसवली, आणि १९२३ साली पहिला ॲव्हो बाजारात आला. मॉडेल आठ निघाले १९५१ मध्ये, आणि ते पुढे पन्नासहून अधिक वर्षे बनत राहिले. एखाद्या यंत्राला एवढे आयुष्य लाभावे ही साधी गोष्ट नव्हे. हल्ली मोबाइल फोन तीन वर्षांत म्हातारा होतो.

"विलायती माल आहे, साहेब. इंग्रजाच्या टायमाचा," विक्रेता म्हणाला.

इंग्रज गेल्यावर चार वर्षांनी हे मॉडेल निघाले, हे मला ठाऊक होते. पण बाजारात इतिहास शिकवायला गेले की किंमत वाढते. त्याने दीड हजार सांगितले, मी पाचशे. शेवटी सातशेवर सौदा तुटला आणि तीन किलोंचे ते धूड मी पिशवीत घालून घरी आणले. सौभाग्यवतींनी पिशवीकडे पाहिले, माळ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आत गेल्या. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

हौस होती हे खरेच. पण तिच्या पोटात एक जुनी गोष्ट होती, ती मी घरातही कुणाला सांगितली नव्हती.

१९७४ साली मी एका कारखान्याच्या तपासणी विभागात उमेदवारी करीत होतो. वय एकोणीस. आम्ही तिघे उमेदवार होतो आणि आमच्यावर एक जुने कारागीर होते. त्यांना सगळा कारखाना मामा म्हणे. विभागात ॲव्हो एकच, आणि तो मामांच्या नावावर. तो वापरण्याचा त्यांचा नियम होता: आधी सर्वांत मोठा आकडा, मग एकेक पायरी खाली, आणि काम झाले की चकती परत सर्वांत मोठ्या आकड्यावर. दिवसातून चार वेळा ते हे सांगत.

एके दिवशी मी ओहम मोजत होतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, त्या सॉकेटला वीज आहे का बघ रे. मी चकती न फिरवताच मीटरच्या तारा सॉकेटमध्ये घातल्या. या मीटरमध्ये बचावासाठी कटआउट असते. काटा टोकाला जाऊन आपटला की एक बटण टक् करून उडते आणि जोडणी तुटते. पण घरच्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते. बिचाऱ्या काट्याला कुठे जावे कळेना. तो जागच्या जागी थरथरला, बटण काही उडाले नाही, आणि आतून जळका वास आला. मी मीटर टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागल्याचे सोंग केले.

दुपारी फोरमननी विचारले, "कुणी जाळला?" आम्ही तिघे उभे होतो. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. मामा म्हणाले, "मीटर माझ्या नावावर आहे, साहेब. माझ्याच नावावर लिहा."

तीन महिने मामांच्या पगारातून पैसे कापले गेले. पुढे मी तिथे कायम झालो. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांना हार घालणाऱ्यांत मीही होतो.

तर असा हा मीटर माझ्या टेबलावर आला. मागचे झाकण उघडले तर आत कुणाच्या तरी विसरलेल्या बॅटरीने ओकून ठेवले होते आणि पितळी पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्या पुसल्या. (डबा जागेवर ठेवला नाही, त्याबद्दल वेगळे ऐकून घेतले.) चकत्यांचे स्पर्शबिंदू स्पिरिटने धुतले. जपायचे ते काट्याला. त्याची गुंडाळी चुंबकाच्या फटीत केसासारख्या स्प्रिंगांवर डोलत असते. लोखंडाचा एक कण जरी त्या फटीत शिरला तरी काटा अडखळतो, आणि चुंबक तर असे कण ओढायलाच बसलेला. म्हणून पांढरा कागद पसरून, श्वास आवरून काम केले.

आणि मग दिसले ते. ओहमच्या बाजूचा एक रोध जळून काळा पडला होता. तारेवरचे रेशमाचे वेष्टन करपलेले. म्हणजे माझ्यासारखाच कुणी तरी दुसराही होता! कोण, कुठला, त्याने कबूल केले की चपलांकडे पाहिले, कुणास ठाऊक. मुलाने संगणकावरून छापून आणलेल्या आराखड्यात त्या रोधाचा आकडा सापडला. तपकीर गल्लीतून, चुकलो, तापकीर गल्लीतून बारीक रोधतार आणली. ती मुद्दाम जरा जास्त गुंडाळली, आणि मोजून मोजून, कापून कापून आकड्यावर आणली. यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दोन टोकांना डाख दिला. पंधरा व्होल्टची जुनी बॅटरी कुठल्याच दुकानात मिळेना, तेव्हा तीन व्होल्टच्या पाच चपट्या बॅटऱ्या एकावर एक रचून कागदी नळीत बसवल्या. दोन्ही तारांची टोके जुळवली, आणि काटा सावकाश सरकत शून्यावर जाऊन उभा राहिला. मी एकटाच टाळी वाजवणार होतो.

माझ्याकडे नवा आकडेवाला मीटरही आहे. तो २३८.४ असे ठणकावून सांगतो, आणि त्यातल्या चारावर आपण का विश्वास ठेवतो हे कुणी विचारीत नाही. ॲव्होच्या तबकडीत काट्याखाली आरशाची पट्टी आहे. एक डोळा मिटायचा, डोके हलवायचे, आणि काट्यामागे त्याचे प्रतिबिंब झाकले गेले की मगच आकडा वाचायचा. पाहणारा तिरका असेल तर वाचन चुकते, हे तो मीटर मान्य करतो.

मामा सासवडला मुलाकडे असतात, एवढे मला माहीत होते. वसुबारसेला पिशवी घेऊन गेलो. वय छ्याऐंशी, कान ठीक, डोळे अधू. मीटर मांडीवर ठेवला तसा त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि न पाहता म्हणाले, "आठ नंबर. वजन तेच."

मग हजारावर चकती लावून त्यांनी सॉकेट तपासायला घेतले. अडीचशेवर उतरले. "काय दाखवतोय रे? मला दिसत नाही."

"दोनशे छत्तीस, मामा."

"आरशात बघून सांग."

मी वाकून पाहिले. "दोनशे चौतीस."

तेव्हाच मी बोललो. पन्नास वर्षांपूर्वीचा तो मीटर मी जाळला होता, असे सरळ सांगितले. तारा त्यांच्या हातात तशाच होत्या.

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "त्या दिवशी दोघांनी डबा खाल्ला. तू खाल्ला नाहीस."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. मग राहूनच गेलं."

सूनबाई चकल्यांचे ताट घेऊन आल्या. मामांनी तारा सॉकेटमधून काढल्या, नीट गुंडाळल्या, आणि मीटर माझ्याकडे देण्याआधी चाचपडत चकती परत सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन ठेवली.