वाडीचा पूर

नरसोबाच्या वाडीला माझे जाणेयेणे लहानपणापासूनचे. आत्याचे घर घाटापासून हाकेच्या अंतरावर. कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबराची सावली, दत्ताच्या पादुका आणि बासुंदी, एवढ्यावर कुणाचेही मन रमावे. पण वाडीची खरी ओळख पटते ती पावसाळ्यात.

इतर गावी पूर आला की लोक पाण्यापासून दूर पळतात. वाडीला ते स्नानाला येतात! नदीचे पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले, की तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढले, की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवायची, ही इथली जुनी रीत. "देवसुद्धा वेळेवर घर सोडतो, आत्या," असे मी तिला थट्टेने म्हणत असे. ती नुसती हसायची.

२००५ साली मोठा पूर आला. पाणी जिथवर चढले, तिथे आत्याने भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला. पुढे १४ वर्षे तो खिळा हेच तिचे पूरशास्त्र होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी कोल्हापुरातून फोनवर काकुळतीला आलो, तर म्हणते कशी, "अरे, खिळ्यापर्यंत येईल फार तर. सामान माळ्यावर टाकलंय. आणि गाईला टाकून कुठे येऊ?"

पाणी काय खिळ्याला विचारून येते? कोल्हापुरी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली. कृष्णा तुडुंब असली, की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही आणि पाऊस उघडला तरी फुगवटा चढतच राहतो. खिळा बुडाला. आत्याने रात्र शेजाऱ्यांच्या माडीवर काढली. दुसऱ्या दिवशी जवानांच्या बोटीने तिला बाहेर आणले. गाय गोठ्यातच राहिली. दाव्याची गाठ पाण्याने घट्ट झाली होती, ती आत्याला सुटली नाही. त्याविषयी ती आजही बोलत नाही.

मात्र त्या दिवाळीत तिने गल्लीतल्या पोरांना बसवून एक वही लिहवून घेतली. कोणाकडे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाकडे बाळंतीण, गुरे किती, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचे पाहुणे उंचावरच्या गावी. बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे सरकारी इशारा. तेव्हाच गुरे हलवायची. ४३ फूट म्हणजे धोका. तोवर गल्लीत माणूस राहता कामा नये. आधी गुरेच का? कारण माणसे अडून बसतात ती गुरांपायी. पुस्तके वाचून एवढे मला सुचले नसते!

२०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा ५५ फुटांपलीकडे गेली. घरे बुडाली, भांडी वाहिली. पण वहीतले माणूस नि जनावर सारे कोरड्या जागी होते.

परवा वाडीला गेलो, तेव्हा भिंतीवरचा जुना खिळा पाहून मी म्हटले, "आत्या, नवा वर ठोकून देऊ का?"

"नको रे बाबा. खिळा दिसला की माणूस त्याच्यावर विसंबतो."

मग तिने मला गोठ्यात नेऊन नवी गाय दाखवली. मी दाव्याकडे पाहिले. निरगाठ नव्हती, सुरगाठ होती.