अभावाची दुरुस्ती

कणादांनी पदार्थ सहा सांगितले. उत्तरकालीन वैशेषिकांनी 'अभाव' हा सातवा मानला. नसणे हाही ज्ञानाचा विषय होऊ शकतो, हे मी महाविद्यालयात शिकलो. पण नसणे कामही करू शकते, हे कळले ते कॅलिफोर्नियात, १९८३ सालच्या एका मर्सिडीज ३०० डी गाडीच्या बॉनेटखाली.

पेट्रोलच्या इंजिनात हवेची वाट एका झडपेने आवळलेली असते, त्यामुळे झडपेपलीकडे निर्वात आपोआप तयार होतो. या डिझेल इंजिनात तशी झडप नाही. म्हणून निर्वात मुद्दाम निर्माण करावा लागतो. इंजिन चालू असेपर्यंत एक छोटा पंप बारीक नळ्यांतली हवा उपसत राहतो. त्या पोकळीच्या बळावर ब्रेक हलका होतो, सर्व दारांची कुलपे एकदम लागतात आणि शेवटी इंजिन बंदही होते. हे शेवटचे काम सर्वांत विलक्षण. डिझेल पेटायला ठिणगी लागत नाही, तेव्हा नुसती वीज तोडून इंजिन थांबत नाही. किल्ली फिरवली की एक वाट उघडते, निर्वात इंधनपंपावरच्या रबरी पडद्यापर्यंत पोहोचतो, पडदा ओढला जातो आणि इंधन तुटते.

माझ्या गाडीत हे घडेनासे झाले. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन आपले धडधडत उभे. बॉनेट उघडून आतला 'स्टॉप' लिहिलेला दांडा दाबावा, तेव्हा ते शांत होई. त्याच सुमारास दारांची कुलपेही ढिली पडली होती. समान अपपाठ दोन पोथ्यांत आढळला की पाठचिकित्सक त्यांच्या सामायिक पूर्वज पोथीचा माग काढतो. इथेही दोन लक्षणांचे मूळ एकच असावे, असा तर्क करून मी दाबमापक जोडला.

समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याचे सुमारे ३० इंच. निरोगी पंपाने काटा २० च्या आसपास तरी न्यावा. पंपाशी थेट जोडल्यावर काटा नीट चढला; म्हणजे गळती पुढे कुठेतरी होती. मग एकेक शाखा सोडवून तिचे तोंड बंद करायचे आणि काट्याकडे पाहायचे. गोल्फच्या चेंडूखाली ठेवतात ती लाकडी खुंटी या कामाला उत्तम. कुलपांची शाखा बंद करताच काटा चढला आणि किल्लीने इंजिनही थांबले. इंजिन न थांबण्याचे कारण मागच्या दारात, कुलपाच्या फाटलेल्या पडद्यात होते. चाळीस वर्षांच्या रबराचे ते वयच म्हणायचे.

याच शोधात दुसरी गळती सापडली: ईजीआर झडपेचा पडदा. ही झडप धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे आतल्या हवेतील प्राणवायू घटतो, ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. ओळखीच्या वयस्क मेकॅनिकने सल्ला दिला: नळीत एक छर्रा घाला आणि विसरून जा. त्याचे म्हणणे निराधार नव्हते. झडपेमुळे काजळी वाढते आणि इंजिनाच्या श्वासनलिकेत साचते. शिवाय कॅलिफोर्नियात धुराची नियमित तपासणी १९९८ आणि नंतरच्या डिझेल गाड्यांनाच आहे. अशी यंत्रणा निकामी करायला केंद्रीय कायद्याची मनाई असली, तरी माझ्या गाडीचे बॉनेट उघडून पाहायला कोणी येणार नव्हते.

कुलूप मी माझ्यासाठी दुरुस्त केले होते. ही झडप कोणासाठी, हा प्रश्न होता. उत्तर याच परिसराच्या इतिहासात आहे. लॉस एंजेलिसचे डोळे चुरचुरवणारे धुके म्हणजे नुसता धूर नव्हे; गाड्यांतून व तेलशुद्धीकरणातून निसटणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र येऊन ओझोन तयार होतो, हे पासाडिना येथील कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. ऊन सर्वांचे आणि हवाही सर्वांची. गाडीत बसलेल्याचा वाटा त्यात सर्वांत लहान.

मी झडप बदलली. काजळी साफ करण्याचे काम आता वर्षाच्या यादीत आले आहे. गाडी चालवताना मात्र कसलाही फरक जाणवत नाही. अभाव जाणायचा तर ज्याचा अभाव, तो प्रतियोगी आधी माहीत असावा लागतो, असे नैयायिक सांगतात. या दुरुस्तीचा प्रतियोगी म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी सॅन गॅब्रिएलच्या डोंगरांपुढे धरणारा तपकिरी पडदा. माझ्या एका गाडीने तो किती विरळ झाला, हे कोणताही काटा सांगणार नाही. झडपेचा पडदा तेवढा शाबूत आहे. दर महिन्याला मी तो हातपंपाने तपासतो.