खाडीतली शर्यत

आपल्या शेतातला कांदा ‘वाशी मार्केट’ला जातो असे आपण सगळेच म्हणतो. ते मार्केट खरे म्हणजे तुर्भ्याच्या हद्दीत आहे, आणि त्याला लागूनच आमचे तुर्भे गाव. रात्री दोनला ट्रकांची रांग लागते, तिची घरघर ऐकत आम्ही झोपतो. पण या गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे, हे मार्केटला येणाऱ्या फार थोड्या शेतकऱ्यांना माहीत असेल. खाडीचे सोडा, आमच्या स्वतःच्या पोरांना तरी ती कुठे नीट ठाऊक होती!

मी या गावात सून म्हणून आले १९८१ साली. माहेर जुन्नरकडचे. आम्हा देशावरच्या माणसांना पाणी म्हणजे विहीर आणि पाट. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलले की पोर पोहायला शिकते, एवढेच मला माहीत. इथे आले तेव्हा सासरे भाताच्या खाचरांच्या गोष्टी सांगत, पण खाचरे गेलेली होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला भावासाठी लढताना गोळीबारात पाच माणसे गेली, त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नव्हती. हे सांगायचे कारण पुढे येईलच.

तर २०२३ ची दिवाळी झाली, आणि माझा पुतण्या गोव्याहून एक शिबिर करून आला. आल्या आल्या म्हणाला, “काकी, आपल्या आसपासच्या गावांच्या मंडळांची स्पर्धा घेऊ या. कबड्डी नको, क्रिकेट नको. विंडसर्फिंग!” मी शाळेत अठ्ठावीस वर्षे शिकवले, त्यामुळे गावात अर्ज लिहायचा, हिशेब ठेवायचा म्हटले की माझ्याकडेच येतात. म्हटले, आधी ते काय आहे ते सांग.

प्रकार मोठा गमतीचा आहे. लांबट फळी, तिच्यावर उभे राहायचे, आणि हातात शीड. होडीची डोलकाठी घट्ट रोवलेली असते. या फळीची डोलकाठी सांध्यावर बसवलेली, कुठेही कलते. म्हणून सुकाणू लागत नाही. शीड पुढे कलवले की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे तोंड करते. कॅलिफोर्नियात हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी १९६० च्या दशकात ही युक्ती बसवली, आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आलाही. आपल्याकडच्या इबाद अलीने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्यात कांस्यपदक मिळवले.

सहा गावांच्या मंडळांची सभा आमच्या ओटीवर भरली. पुतण्याने फळी आणि शिडाची किंमत सांगितली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात एक चांगली दुभती म्हैस आली असती. ते ऐकून सारसोळ्याचे एक म्हातारे कोळी बाबा हसले. म्हणाले, “पैशाचं सोडा. फळीच्या खाली पातं असतं ना? आपल्या खाडीत तळाला चिखल हाय. पातं रुतंल, पोरगं पडंल, नि चिखलात कालवं असतात, ती ब्लेडसारखी कापतात.” पोराला वाईट वाटले, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मग ठरले, यंदा होड्या. वल्ह्यांची शर्यत, वय चौदा ते अठरा, एका होडीत चार वल्हेकरी आणि एक सुकाणूवर.

दिवस ठरला २६ जानेवारी २०२४. सुट्टीचा दिवस, झेंडावंदनाला पाहुणे आलेलेच असतात. पोरांनी पत्रिकेत लिहूनसुद्धा टाकले: सकाळी ७ वाजता. बाबांनी पत्रिका हातात घेतली आणि मला विचारले, “त्या दिवशी तिथी कोनची?” मी कॅलेंडर पाहिले. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा, म्हणजे २६ ला वद्य प्रतिपदा. “मग सातला तुमी चिखलात होड्या ढकला,” म्हणाले. “पानी तारखेवर येत नाय बाई, तिथीवर येतं.”

त्यांनी सांगितलेला हिशेब वाचकांसाठी लिहून ठेवते, कारण कोकणात उतरल्यावर तो कुणालाही उपयोगी पडेल. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी ओहोटी. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. प्रतिपदेला मात्र पुन्हा एकापासून मोजायचे नाही, सोळा धरायचे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, भागिले चार, बारा. खाडीत आत यायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणजे साडेबारा-पाऊण. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्यामागून जाते, म्हणून हा तीन-चारचा हिशेब जमतो. मी छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिले, फार तर अर्ध्या तासाचा फरक. बाबांना लिहिता-वाचता येत नाही.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते, तेव्हा ओहोटीच्या रेषेपासून पाणी दोन पुरुष चढते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी निम्मेही हलत नाही. आम्हाला उधाणाचा दिवस मिळाला होता. पाणी भरपूर, पण ओढही भरपूर. भरती पूर्ण झाली की थोडा वेळ पाणी थांबते, त्या वेळेच्या आगेमागेच शर्यत उरकली पाहिजे. ओहोटी सुरू झाली की पोरे वल्ही मारत राहतील आणि होडी दक्षिणेला जाईल. पत्रिका पुन्हा छापली. आमच्या पुढाऱ्यांपैकी एकाला दुपारी दुसरा कार्यक्रम होता, ते रागावले. पाण्याला कोण सांगणार!

जागेचाही प्रश्न होता. वाशी आणि ऐरोली या दोन पुलांमधल्या खाडीत २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, आणि जानेवारीत तिथे हजारो पक्षी उतरलेले असतात. म्हणून पुलाच्या दक्षिणेला, सारसोळ्याच्या जेट्टीपाशी ठरवले. परवानग्यांचे कागद मी दीड महिना वाहिले, त्याचे पुराण सांगत नाही.

खरी धास्ती वेगळीच होती. सहा गावांतून त्रेचाळीस नावे आली. मी हट्ट धरला की शंभर मीटर पोहून दाखवील त्याचेच नाव वहीत. एका शाळेच्या तलावावर सकाळी परीक्षा घेतली. त्रेचाळिसांतले एकोणीस उतरले. ज्यांच्या आज्यांनी याच खाडीत कंबरभर पाण्यात निवट्या आणि कोलंबी धरली, त्यांची नातवंडे कठड्याला धरून उभी! मला बोलवेना. मग सहा आठवडे रोज पहाटे पोहण्याची शाळा चालली. मुलीही आल्या. त्यांच्या आया नको म्हणत होत्या, त्यांना मी वर्तमानपत्राचे कात्रण दाखवले. नेहा ठाकूर, सतरा वर्षांची, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. जिथे समुद्र पाहायलाही मिळत नाही तिथली. भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक घेऊन आली. एक आई म्हणाली, “तिला पोहाया येत व्हतं का पयलं?” म्हटले, म्हणूनच तर शिकवू या. मुलींच्या दोन होड्या तयार झाल्या.

आमच्या तुर्भ्याच्या संघात सहा आठवड्यांनंतरही चारच पोरे पास. पाचवा मिळेना. पुतण्याने दगडखाणीकडच्या वस्तीतला एक मुलगा आणला. त्याचे आईबाप मराठवाड्यातून आलेले. गावाकडे तीन एकर कोरडवाहू पडीक. बाप मार्केटात ओझी उचलतो, आई कांदा निवडते. हा पोरगा खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला शिकलेला. ती शाळा फार वाईट, तिथे पोरे बुडतात. पण पोरगा तलावात चारशे मीटर न थांबता पोहला.

लगेच दुसऱ्या एका मंडळाने हरकत घेतली. गावच्या मंडळांची स्पर्धा, गावचीच पोरे हवीत. सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, “जमीन गेली, मिठागरे गेली. खाडी तरी आमची राहू द्या.” मला त्यांचा राग आला नाही. माझ्या सासऱ्यांच्या तोंडचेच ते शब्द होते. पण या मुलाच्या बापाची जमीन पाऊस घेऊन गेला आहे, सिडकोने नव्हे. एवढाच काय तो फरक, असे मला वाटते. हे मी सभेत बोलले नाही. मी इतकेच म्हटले, ठीक आहे, सगळ्या संघांनी रेशनकार्ड आणावे, ज्याचे नाव गावात त्यानेच उतरावे. सगळे गप्प. हरकत घेणाऱ्या मंडळाची दोन पोरे मामाच्या गावची होती, आणि दुसऱ्या एका मंडळाचा सुकाणूवाला चक्क उरणहून येत होता. चहा झाला आणि विषय पुन्हा निघाला नाही.

होड्या कोळ्यांच्या पोटाच्या, त्या सारख्या कशा असतील? एक हलकी, एक जड. आपापल्या होडीत बसवले असते तर भांडणेच झाली असती. बाबांनी तोड काढली. दोनच होड्या घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, आणि प्रत्येक जोडीने दोनदा धावायचे, दुसऱ्यांदा होड्या बदलून. दोन्ही वेळा मिळवून ज्याची कमी त्याचा नंबर वर. जेट्टीपासून निळ्या पिंपापर्यंत जायचे, वळसा घालून परत. अंगात तरंगणारी जाकिटे भाड्याने आणली. तिसऱ्या होडीत बाबा आणि दोन जाणते कोळी दोर घेऊन उभे.

पहिली जोडी पावणेबाराला सुटली. पाणी जेट्टीच्या वरच्या पायरीला टेकले होते. आमच्या संघाला पहिल्यांदा जड होडी आली आणि आम्ही दोन होड्यांच्या अंतराने हरलो. पिंपाच्या वळणावर आमचा सुकाणूवाला गोंधळला, होडी आडवी झाली, आणि पुढच्या वल्ह्यावरचा तो खाणीकडचा मुलगा तोल जाऊन पाण्यात पडला. काठावर एकदम आरडाओरडा. बाबांची होडी निघाली. पण पोरगा स्वतःच वर आला, वल्हे धरून ठेवलेलेच होते, ते त्याने आधी आत दिले आणि मग चढला. त्याची आई माझ्या शेजारी उभी होती. तिने सुरुवातीपासून पाण्याकडे पाठ केली होती, आणि मी “आला, आला वर” म्हटले तरी वळली नाही. शर्यत संपेपर्यंत ती मार्केटच्या दिशेने बघत उभी राहिली. दुसऱ्या फेरीत हलकी होडी आली, आम्ही ती जिंकलो. एकंदरीत तिसरा नंबर. हरकत घेतलेल्या मंडळाचा पहिला आला. त्यांच्या गृहस्थांनी पाण्यात पडलेल्या पोराला आपला टॉवेल दिला आणि वळसा कसा घ्यायचा ते हातवारे करून समजावत बसले. मुलींची शर्यत शेवटी झाली, आणि आरडाओरडा सर्वांत जास्त तिलाच झाला. पावणेदोनला पाणी ओढू लागले तेव्हा होड्या बांधून झाल्या होत्या.

१९८२ च्या आशियाई स्पर्धेतल्या शिडाच्या शर्यती आमच्या पलीकडच्या मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी तिथे सुवर्णपदक मिळवले. आमच्या गावांतून ती शर्यत बघायला कुणी गेल्याचे मी ऐकले नाही. आमच्याकडे तेव्हा जमिनीचेच चालले होते.

हिशेबात एक हजार एकशे चाळीस रुपये उरले. काहींना जेवण हवे होते. बरीच वादावादी होऊन, वर्गणी घालून दोन जाकिटे विकत घेतली. ती आमच्या ओटीवर खुंटीला असतात आणि नेणाऱ्याने वहीत सही करायची. डिसेंबरात पोरे नवे कॅलेंडर घेऊन आली. २६ जानेवारी २०२५ ला वद्य द्वादशी. बारात पंधरा मिळवून सत्तावीस, त्रिक एक्क्याऐंशी, भागिले चार, सव्वावीस. रात्रीचे सव्वाआठ, म्हणजे सकाळचीही भरती आठच्या सुमाराची. खाणीकडच्या मुलाने बोटांवर मोजून सांगितले, “बाई, झेंडा साडेसातला करायला लावा. आठला होड्या सोडू.”