जुळी परीक्षा

आमच्या जुळे सोलापुरात बारावीची परीक्षासुद्धा जुळीच असते. एक मुलाची, दुसरी घरच्यांची. मुलाची फेब्रुवारीत सुरू होते, घरच्यांची त्याच्या अकरावीच्या प्रवेशापासून. गड्ड्याची जत्रा आटोपली की घरोघरचे टी.व्ही. सोलापुरी चादर पांघरून झोपतात आणि बाप स्वतःच्याच घरात चपला हातात घेऊन शिरतो. एवढी शांतता पाहून पोराची खात्री पटते, की काहीतरी भयंकर घडणार आहे!

मग हितचिंतक येतात. आत्या शेंगाचटणी आणते, ‘टेन्शन घेऊ नकोस हं’ म्हणते आणि ते देऊनच जाते. मामा विचारतात, ‘डॉक्टरच ना?’ काका विचारतात, ‘किती पडतील?’ आम्ही बँकेतले कारकून याला ठेवी म्हणतो. जो तो आपली काळजी पोराच्या खात्यावर भरतो आणि हलका होऊन घरी जातो. ‘नीट’मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, उत्तर चुकलं की एक गुण वजा. प्रश्न चुकला तर मात्र काकांचं काहीच वजा होत नाही.

२०२२ साली एन.सी.ई.आर.टी.नं पावणेचार लाखांवर विद्यार्थ्यांना विचारलं, काळजी कशाची वाटते? निम्म्यांनी सांगितलं अभ्यासाची, ३१ टक्क्यांनी परीक्षा आणि निकालाची. पण अभ्यास बिचारा टेबलावर गुपचूप पडलेला असतो. त्याची भीती घालायला माणसंच लागतात.

मित्रांतही दोन वाण. एक रात्री साडेअकराला फोन करतो, ‘माझी तिसरी रिव्हिजन झाली बे, तुझी?’ त्या फोननंतर आमच्या चिरंजीवांच्या ताटात आठ दिवस निम्मी भाकरी उरत होती. दुसरा सायकलवर आला. खालूनच ओरडला, ‘चल बे, कंबर तलावापर्यंत!’ वाटेत म्हणाला म्हणे, ‘ऑरगॅनिक मलाबी कळंना बे.’ ऑरगॅनिक दोघांनाही न कळल्याचा केवढा आनंद! त्या रात्री चिरंजीवांनी दुसरी भाकरी मागितली. सौ.नं तव्याकडे तोंड करून डोळे पुसले.

पुढच्या खेपेला तो पोरगा वर आला आणि नेमकी आत्या घरात! ‘बाळ, तुला किती पडतील?’

दुसऱ्या दिवशी खालून हाक आली नाही. चिरंजीवांनी अर्धा तास वाट पाहिली. मग पुस्तक मिटलं, आपली सायकल काढली आणि त्याच्या दारात जाऊन हाक मारली, ‘चल बे!’