पुसूनही न गेलेली फाइल

एवढी मोठी फाइल पुसली आणि डिस्क तसूभरही रिकामी झाली नाही. आधी शंभर टक्के भरलेली, नंतरही शंभर टक्के. डोळ्यांदेखत घडलं, म्हणून अजून डोक्यातून जात नाही.

मंचरच्या पंचक्रोशीतल्या एका दूध शीतकरण केंद्रात मी संगणकाचं काम बघतो. गावोगावचं दूध येतं, फॅट-एसएनएफ लागतं, दहा दिवसांनी बिल निघतं. 2024 च्या 11 जानेवारीपासून गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये सरकारी अनुदान सुरू झालं आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबरही आमच्या कामात आला. बिल्ला, आधार, बँक खातं हे सगळं जुळलं तरच पैसे. एक आकडा चुकला की अर्ज परत. म्हणून बिल्ल्यांचे आणि पासबुकांचे फोटो गोळा करून मी सर्व्हरवर ठेवले होते. गायीच्या कानाचा फोटो मिळवणं सोपं नाही. ती मान झटकते, बिल्ल्यावर शेण वाळलेलं असतं.

फेब्रुवारीत एका सकाळी, ऐन संकलनात, पावती निघेना. डिस्क भरली होती. बाहेर कॅननी भरलेल्या पिकअप उभ्या. सॉफ्टवेअर देणाऱ्यांच्या माणसाला फोन केला, त्यानं लांबूनच सर्व्हर हातात घेतला. दूध तपासणी यंत्राशी बोलणारा प्रोग्राम सतत लॉग लिहीत असतो. ती अवाढव्य फाइल त्यानं आधी पुसली. जागा सुटली नाही. मग त्याची नजर फोटोंच्या फोल्डरवर गेली.

"अहो, थांबा, ते अनुदानाचे आहेत," मी म्हणालो.

"गेल्या महिन्याचेच ना? मोठे आहेत. आधी दूध चालू करू."

आणि फोल्डर गेला. पावत्या सुरू झाल्या. त्याची प्रत होती ती त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरात. तीही त्यानं त्याच झटक्यात काढली.

लिनक्सवर फाइल पुसणं म्हणजे फोल्डरमधून तिचं नाव काढणं. एखाद्या चालू प्रोग्रामनं ती उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत जागा अडलेलीच राहते. डीएफ ही आज्ञा डिस्क भरलेली दाखवते, डीयूच्या बेरजेत मात्र तेवढं काही सापडत नाही. या दोन आकड्यांतली तफावत हीच खूण. एलएसओएफला विचारलं की पुसलेली फाइल कुणी धरून ठेवली आहे ते लगेच कळतं. तो एक प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू केला असता तर सगळी जागा मिळाली असती, काही मिनिटांचं काम. आणि संताप याचा येतो की, ज्या लॉगची कुणालाच गरज नव्हती तो पुसल्यावरही जिवंत होता. प्रोक फोल्डरमधून परतसुद्धा काढता आला असता. फोटो कुणीच उघडून धरलेले नव्हते, म्हणून ते कायमचे गेले.

कळंबकडच्या एक मावशी. दोन गायी, दिवसाला चौदा लिटर. महिन्याचे 2,100 रुपये. त्यांचा अर्ज बिल्ल्याच्या एका आकड्यासाठी परत आला. मी पुन्हा फोटो मागितला, तर एक गाय तोवर विकली गेलेली. त्यांनी घरात जपून ठेवलेल्या पावत्या आणल्या, पण थर्मल कागदावरची अक्षरं केव्हाच उडाली होती. "तुमच्या मशिनीत असंल की," त्या म्हणाल्या.

वर त्या माणसाच्या अहवालात वाक्य आलं: स्थानिक ऑपरेटरने अनावश्यक फोटो साठवल्याने डिस्क भरली. अनावश्यक! सगळ्या फोटोंचा मिळून आकार त्या एका लॉगच्या पासंगालाही पुरला नसता.

चालू सर्व्हरवर जागा करायची वेळ आली तर आधी काय वाढलंय ते मोजावं. डीएफमध्ये इनोडही बघावेत. बारीक बारीक फायलींनी ते संपले तरी यंत्र तीच तक्रार करतं. लॉग पुसू नये, रिकामा करावा. फाइल जागेवर राहते, प्रोग्राम चालत राहतो, जागा लगेच सुटते. लॉगरोटेट आधीपासून लावलेलं असेल तर ही पाळीच येत नाही. मायएसक्यूएलचे बायनरी लॉग त्याच्याच आज्ञेनं काढावेत, फोल्डरात हात घालून नव्हे. आणि ज्याचा अर्थ कळत नाही ते कितीही मोठं दिसलं तरी पुसू नये.

बरेच दिवस मी म्हणत होतो, काहीच पुसू नये. तेही खरं नाही. इथून जवळच, जुन्नर तालुक्यात, खोडदची जीएमआरटी दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांच्याकडून येणारा सगळा कच्चा संकेत कोण साठवून ठेवणार? नेहमीच्या निरीक्षणात तिथले संगणक संकेतांची जुळणी तिथल्या तिथे करतात आणि तिचं फलित तेवढं ठेवतात. तेही टाकतातच, पण काय ठेवायचं हे आधी विचार करून ठरलेलं असतं. आमच्याकडे ते फोनवरच्या माणसानं ठरवलं, नुसता आकार बघून, बाहेर पिकअप हॉर्न वाजवत असताना.

आता लॉगला वेगळं विभाजन दिलंय, फोटोंची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर सचिवांच्या कपाटात असते. अहवालातलं ते वाक्य दुरुस्त करून द्या, अशी मागणी मी लेखी केली आहे.